मोटिव्हेशन द्या म्हणून आणलेली मुलगी

"मॅडम, पोरीत टॅलेंट आहे हो, पण हल्ली तिचं मन लागत नाही, जरा मोटिव्हेशन द्या."

समुपदेशक म्हणून माझ्याकडे हे वाक्य सारखं येतं. कधी पोरगी असते कधी पोरगा, कधी क्रिकेट, कधी बॅडमिंटन, कधी स्केटिंग, वाक्य मात्र तेच. २०२५ च्या एप्रिलमध्ये वैभव सूर्यवंशीने १४ व्या वर्षी आयपीएलमध्ये ३५ बॉलमध्ये सेंच्युरी मारली ना, त्यानंतर तर आईवडील थेट वय मोजूनच बोलायला लागलेत, "आमचा बारा वर्षांचा आहे, म्हणजे दोनच वर्षं राहिली." आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतोच, आता ढील दिली तर उशीर तर होणार नाही ना?

ह्याचं उत्तर मला फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून एक केस सांगते. घरच्यांना विचारूनच लिहितेय, नाव बदललंय आणि ओळख पटेल अशा बारीकसारीक गोष्टीही बदलल्यात. मुलीला सई म्हणू.

सई नाशिकच्या सिडकोतली. वडील अंबडला एका कंपनीत ऑपरेटर, शिफ्टची ड्युटी, आई घरी शिलाईकाम करते, धाकटा भाऊ, आणि आजी. तिसरी-चौथीत असताना शाळेच्या स्पोर्ट्समध्ये ती धावली आणि मोठ्या वर्गातल्या मुलींनाही तिने मागे टाकलं. पीटीच्या सरांनी वडिलांना बोलावून सांगितलं की पोरगी चांगली धावते, लक्ष द्या. इथपर्यंत सगळं छान होतं, मी म्हणेन सरांनी योग्य तेच केलं. मग वडिलांनी तिला सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर न्यायला सुरुवात केली, मग पांडवलेणीच्या पायऱ्या, मग पाथर्डी फाट्याच्या पुढे रस्त्यावर, ती पुढे पळतेय आणि पप्पा मागून स्प्लेंडरवर, एका हातात मोबाइल. त्यातला एक व्हिडिओ व्हायरल झाला. जानेवारीची नाशिकची थंडी, पहाटेचा अंधार, गाडीच्या लाइटमध्ये पळणारी दहा वर्षांची चिमुरडी, खाली लिहिलेलं "नाशिकची दुसरी कविता राऊत", म्हणजे ऑलिम्पिकला गेलेली आपल्या जिल्ह्याची धावपटू. लोकांनी डोक्यावर घेतलं.

त्यानंतर सगळं फार वेगात झालं. इन्स्टावर तिच्या नावाचं पेज आलं, गणपती मंडळात सत्कार झाला, चौकात बॅनर लागला, त्यावर तिच्या फोटोखाली "भावी ऑलिम्पियन", एका पुढाऱ्याने सायकल दिली, पेपरच्या शहर पानावर बातमी आली, ती बातमी वडिलांनी लॅमिनेट करून हॉलमध्ये लावली. अकराव्या वर्षी ती १० किलोमीटर पळायला लागली, ४८ मिनिटांत. आजूबाजूच्या गावांमध्ये ज्या ज्या मॅरेथॉन होतात तिथे तिला न्यायचं, मुलींच्या गटात पहिला नंबर, ट्रॉफी, कधी रोख बक्षीस.

मग बारावं सरलं आणि टायमिंग घसरायला लागलं. ४८ ची ५०, ५० ची ५१. शर्यतीच्या आदल्या रात्री पोटात दुखायचं. शाळेत एकदा गणिताच्या तासाला ती कारण नसताना रडली, बाईंनी आईला बोलावलं, आणि आई तिला घेऊन माझ्याकडे आली. आईलाही हेच हवं होतं, मोटिव्हेशन. आईचं वाक्य जरा वेगळं होतं एवढंच, "तिचे पप्पा खूप कष्ट घेतात मॅडम, तिला कळायला पाहिजे."

सई पहिल्यांदा माझ्याशी फार बोललीच नाही. जे विचारलं त्याला "हो", "नाही", "माहीत नाही". आई बाहेर बसल्यावर मी पळण्याबद्दल विचारणं बंद केलं आणि तिला म्हटलं सुट्टी कधी असते गं तुला? ती म्हणाली, सर्दी झाली की. आणि मग हळूहळू जे बाहेर आलं ते ऐकून मला त्या दिवशी दुसरं काही सुचेना. ही मुलगी रात्री सगळे झोपले की बाथरूममध्ये जाऊन गार पाण्याने डोकं ओलं करायची आणि तशीच पंख्याखाली झोपायची, म्हणजे सर्दी-ताप येईल. शाळेच्या बाहेरून बर्फाचा गोळा, पेप्सीकोला जे मिळेल ते खायची, त्याच्यासाठीच. मी विचारलं, अगं पाय दुखतोय असं नुसतं सांगायचं ना. तर ती म्हणाली, "ते सांगून चालत नाही. ताप थर्मामीटरमध्ये दिसतो ना ताई, पाय दुखतो ते दिसत नाही. पप्पा म्हणतात वॉर्मअपने जाईल."

पाय खरंच दुखत होता. दोन महिन्यांपासून, डाव्या नडगीवर, एका ठरावीक जागी बोट ठेवलं की कळ यायची.

मी समुपदेशक आहे, हाडांची डॉक्टर नाही, पण एवढं माहीत असायला हवं आणि प्रत्येक आईवडिलांनाही माहीत असायला हवं की पळून आल्यावर सगळा पाय भरून येणं वेगळं आणि हाडावर एकाच जागी बोटाने दाखवता येईल असं दुखणं वेगळं, हे दुसरं असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. तसंच वाढत्या वयात मुलांचा गुडघ्याच्या खालचा उंचवटा दुखतो, फास्ट बॉलिंग करणाऱ्या पोरांची कंबर दुखते, ह्या गोष्टी "नखरे" नसतात, हाड अजून वाढत असताना त्याच्यावर तोच तो ताण पडत असतो. म्हणून मी आईला म्हटलं, मोटिव्हेशनचं नंतर बघू, आधी तिला ऑर्थोपेडिककडे न्या आणि रक्त तपासा.

आणि आईला एकटीला एक प्रश्न विचारला, पाळी सुरू झालीय का. झाली होती, सात-आठ महिन्यांपूर्वी, दोनदा आली आणि मग चार महिने आलीच नाही. आईला वाटलं सुरुवातीला असं होतं. होतंही, पहिली दोनेक वर्षं पाळी मागेपुढे होते, पण इथे सोबत आणखी काय होतं बघा. कुणीतरी वडिलांना सांगितलेलं की वजन कमी तर टायमिंग कमी, म्हणून सईचा भात बंद, तूप बंद, गोड बंद, सकाळी भिजवलेले बदाम आणि दोन अंडी, आणि रोज दहा-बारा किलोमीटर. खाणं कमी, पळणं जास्त, पाळी थांबलेली, हाड दुखतंय, हे चारही एकत्र असलं की तो एकच आजार असतो. शरीराला पळण्यापुरतीही एनर्जी उरत नाही, वाढीला कुठून उरणार, मग शरीर एकेक खातं बंद करत जातं. खेळाच्या वैद्यकात ह्याला नाव आहे, ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ह्याच्यावर वेगळं निवेदनही काढलं. आणि हे नुसतं मुलींचं नाही, मुलांनाही होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी खूण नसल्याने उशिरा कळतं.

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन साडेदहा, ह्या वयात १२ च्या खाली गेलं की कमी धरतात. नडगीच्या हाडात ताणाने सूज होती, डॉक्टर म्हणाले फ्रॅक्चरच्या अलीकडची पायरी आहे, आणखी महिनाभर अशीच पळाली असती तर फ्रॅक्चरच झालं असतं. पळणं सहा आठवडे पूर्ण बंद, भात-तूप सुरू, लोहाच्या गोळ्या.

वडील त्यानंतर आले. सेकंड शिफ्ट संपवून झोपून उठून आलेले, कंपनीच्या शर्टवरच. मला लोक विचारतात की अशा बापांचा राग येत नाही का. नाही येत, खरंच. हा माणूस पहाटे साडेचारला उठून पोरीला ट्रॅकवर नेत होता, नाइट शिफ्ट करून आला तरी नेत होता, स्वतःला चपला घेतल्या नव्हत्या आणि तिला आठ हजाराचे शूज हप्त्यावर घेऊन दिलेले. ज्या पोरांकडे कुणी बघतच नाही अशी किती पोरं मी बघते, हा बघत तरी होता. अडचण वेगळीच होती.

त्याने एक वही आणली होती. शंभर पानी वही, प्रत्येक पानावर तारीख, अंतर, वेळ, किलोमीटरला किती मिनिटं, हवा कशी होती, कुठल्या रस्त्याने गेलो, सकाळी काय खाल्लं, सगळं. दोन वर्षांचं. एवढी टापटीप नोंद मी आजवर कुठल्या क्लासच्या कोचकडेही पाहिली नाही. मी अर्धी वही चाळली आणि विचारलं, "दादा, ह्यात सईला कसं वाटलं हे कुठे आहे?" तो गप्प बसला. मग म्हणाला, "तिला काय वाटणार मॅडम, तिला आवड आहे."

आवड होती की. आजही आहे. पण "तिला आवड आहे" हे तो सांगत होता आणि "सर्दी झाली की सुट्टी" हे ती सांगत होती, आणि हे दोघं रोज पहाटे एकत्र असायचे.

वडिलांचं स्वतःचं काय हे विचारल्यावर मग ते निघालं. पोलीस भरती. तरुणपणी तीन वर्षं तयारी, पळण्यात सगळ्यांच्या पुढे, आणि लेखीत थोडक्यात राहिले. त्या तीन वर्षांत लग्न लांबलं, नातेवाइकांची बोलणी खाल्ली, शेवटी वय गेलं आणि कंपनीत लागले. "पळण्यात मी कमी नव्हतो मॅडम, कुणी सांगणारं नव्हतं. तिला सांगणारा मी आहे." आणि वर, खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, हेही त्यांनी मनात नीट मांडून ठेवलेलं होतं. ह्यात चुकीचं काही नाही. ज्या घरात एक पगार आहे त्या घराने पोरीच्या पायांत नोकरी बघितली तर त्यांना हसायचा हक्क कुणालाच नाही. फक्त ते सगळं ओझं बारा वर्षांच्या पोरीला माहीत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. सई मला म्हणाली होती, "शूजचे हप्ते राहिलेत ना अजून." बक्षिसाच्या पैशातून एकदा फ्रीज दुरुस्त झाला होता, तेही तिच्या लक्षात होतं. मुलांना घरातला हिशोब कळतो, आपण कितीही हळू बोलू द्या.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येते, उशीर होईल का. वडिलांनीही हाच विचारला. त्यांच्या डोक्यात कविता राऊत होत्या म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. हरसूलकडच्या सावरपाड्याची मुलगी, पाणी आणायला आणि शाळेत जायला मैलोन्‌मैल चाललेली, बरोबर, पण तिला २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरचं ब्रॉन्झ मिळालं तेव्हा तिचं वय काय होतं? २५. त्याच वर्षी एशियन गेम्सचं सिल्व्हर. ऑलिम्पिकला ती २०१६ मध्ये गेली, तीस ओलांडल्यावर. अकराव्या वर्षी तिच्या मागे मोबाइल घेऊन कुणी गाडीवर नव्हतं. आणि त्याच २०१६ च्या रिओला आपल्या जिल्ह्यातला अजून एक माणूस गेला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, रोइंगमध्ये, तेराव्या नंबरवर आला. तो २०१२ मध्ये आर्मीत भरती झाला, त्यानंतर त्याने पहिल्यांदा वल्हं हातात धरलं, म्हणजे विशी उलटल्यावर, आणि सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. दुष्काळी गावातला मुलगा, चार वर्षांत ऑलिम्पिक. नंतर २०१८ च्या एशियन गेम्सला टीममध्ये गोल्डसुद्धा.

"मग ते वैभवचं काय?" वडील म्हणाले. प्रामाणिक प्रश्न आहे. तो आहेच गुणी, आणि असे एखाददुसरे असतातच. पण तो आपल्याला दिसतो कारण तो पोचला, त्याच वयात त्याच्यासारखेच बॅनरवर गेलेले बाकीचे आपल्याला दिसत नाहीत. मी त्यांना बुधिया सिंगची आठवण करून दिली, ओडिशाचा, २००६ मध्ये चार वर्षांचा असताना पुरीहून भुवनेश्वरला ६५ किलोमीटर पळाला होता, सगळ्या टीव्हीवर तेच, लोक म्हणत होते हा ऑलिम्पिक जिंकणार, शेवटी सरकारला मध्ये पडून त्याचं पळणं थांबवावं लागलं. मोठा मॅरेथॉन रनर म्हणून त्याचं नाव पुढे आलं नाही. आणि कल्याणचा प्रणव धनावडे, जानेवारी २०१६, शाळेच्या मॅचमध्ये नाबाद १००९ रन, वय १५. वर्ल्ड रेकॉर्ड. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा. दुसऱ्या दिवसापासून त्या पोराने प्रत्येक इनिंगला हजार काढावेत अशीच सगळ्यांची नजर. पुढे मनासारखे रन होईनात तेव्हा मुंबई क्रिकेट असोसिएशनची स्कॉलरशिप थांबवा असं त्याच्या वडिलांनीच कळवलं. मला त्या वडिलांबद्दल फार आदर वाटतो. पोराच्या डोक्यावरचं एक ओझं त्यांनी स्वतः हात घालून खाली उतरवलं.

मग मी एक साधी गोष्ट विचारली. त्या १० किलोमीटरच्या शर्यतींमध्ये सईच्या वयाच्या मुली किती असायच्या? त्यांनी आठवून सांगितलं, चार, पाच. कधी दोनच. बरोबर आहे, कारण अकरा वर्षांच्या मुलींनी १० किलोमीटर पळायचंच नसतं. आपल्या अॅथलेटिक्स फेडरेशनच्या स्पर्धांमध्ये १४ वर्षांखालच्या गटाला लांब पल्ला नसतोच, त्यांना थोडं पळणं, थोडी उडी, थोडं फेकणं असं मिळून असतं, पळण्यात सगळ्यात लांब म्हणजे ६०० मीटर. म्हणजे ज्या खेळात सई "नंबर वन" होती तो खेळ तिच्या वयासाठी कुणी ठेवलेलाच नव्हता. हे ऐकून वडिलांचा चेहरा उतरला, आणि मला ते बोलताना वाईटही वाटलं, पण हे त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं. बॅनर लावणाऱ्यांनी सांगितलं नाही, पेपरवाल्यांनी सांगितलं नाही.

टायमिंग घसरण्याचंही तसंच. मी विचारलं, वर्षभरात तिची उंची किती वाढली? दारावर पेन्सिलच्या खुणा होत्या, घरी जाऊन मोजून त्यांनी फोन केला, आठ सेंटीमीटर. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलगे चौदाव्याच्या आसपास झपकन वाढतात, हातपाय लांब होतात, कंबर रुंदावते, वजन वाढतं, आणि काही काळ शरीराचा ताळमेळच बसत नाही. लवकर वाढलेली पोरं ह्याच्या आधी हिरो असतात, कारण त्यांच्यासमोर अजून न वाढलेली पोरं असतात. चार वर्षांनी सगळे सारखे होतात. ह्या मधल्या काळात टायमिंग थांबणं, मागे जाणं हे आळस नाही की मन न लागणं नाही. आणि नेमक्या ह्याच काळात घरचे जोर वाढवतात, भात बंद करतात, क्लास बदलतात, आणि मुलं खेळच सोडून देतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक केसेस ह्याच वयातल्या असतात.

मग करायचं काय, तर आम्ही जे केलं ते सांगते. सहा आठवडे पळणं बंद होतं त्यात सई दुपारी शाळेत खो-खो बघायला बसायची, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर खेळायला लागली. पळणं परत सुरू झालं ते आठवड्यातून तीन दिवस, रविवारी पूर्ण सुट्टी, परीक्षेच्या आणि मे महिन्याच्या काळात पळणं नाही. ह्याला मोठा आधार आहे, मुलांच्या डॉक्टरांच्या संघटना बाहेरच्या देशांत हेच सांगतात की आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात मिळून दोन-तीन महिने त्या खेळापासून सुट्टी हवी, आणि पंधरा-सोळाच्या आधी एकाच खेळाला जुंपू नका. एक सोपा हिशोबही आहे जो आईवडिलांच्या लक्षात राहतो, मुलाचं वय जेवढं तेवढेच तास आठवड्याला, त्यापेक्षा जास्त प्रॅक्टिस नको. बारा वर्षांची असेल तर बारा तास, शाळेचा खेळ धरून. सईचे सगळे मिळून ह्याच्या वर जात होते.

वहीत आम्ही एक रकाना वाढवला. तो सईने भरायचा, स्वतःच्या हाताने, काय वाटलं ते, एक ओळ पुरे. अट एकच, पप्पांनी ते वाचायचं पण त्याच्यावर काहीही बोलायचं नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. वडिलांना हे फार अवघड गेलं. पहिले काही दिवस तिने "ठीक" लिहिलं, रोज "ठीक". मग एक दिवस लिहिलं "आज कंटाळा आला होता", आणि घरात काही झालं नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी भाषण दिलं नाही, आजीने पोहे केले, सगळे शाळेत-कामावर गेले. त्यानंतर ती खरं लिहायला लागली. "चढावर मजा आली." "पोट दुखत होतं." "पप्पा गाडीवर नव्हते तर बरं वाटलं." ही शेवटची ओळ वाचून वडील मला भेटायला आले, रडले थोडे. मी म्हटलं दादा, ही ओळ तिने तुम्हाला वाचायला दिली, लपवली नाही, हे बघा ना.

माझ्या मते खरी चाचणी हीच आहे, आणि कुठल्याही खेळातल्या कुठल्याही आईवडिलांनी ती आज संध्याकाळी घरी करून बघावी. तुमच्या मुलाने "दुखतंय", "नको वाटतंय", "आज नाही" असं म्हटलं की तुमच्या घरात पुढच्या अर्ध्या तासात काय होतं? आई गप्प होते का, बाबा जेवताना बोलत नाहीत का, "आम्ही तुझ्यासाठी एवढं" सुरू होतं का. तसं होत असेल तर मूल सांगणं बंद करतं, ताप आणायला शिकतं, पोटदुखी आणायला शिकतं, आणि ती पोटदुखी खोटी नसते बरं का, खरंच दुखतं. जे मूल घरात दुखतंय असं म्हणू शकतं त्याला थोडंफार रेटलं तरी चालतं, कारण कुठे थांबायचं ते तेच सांगेल. कधीतरी पहाटे अंथरुणातून ओढून काढावं लागतंच, त्याने काही कुणी बिघडत नाही. पण जे मूल म्हणूच शकत नाही त्याच्यावर घातलेला प्रत्येक जोर आंधळा असतो, कितीही प्रेमाने घातलेला असो.

सगळ्यात जास्त वाद झाला तो इन्स्टाच्या पेजवर. मी म्हटलं बंद करा. वडील म्हणाले स्पॉन्सर त्यातूनच मिळतो. मी सईला विचारलं, तू कमेंट वाचतेस? सगळ्या वाचायची. एका शर्यतीत ती मागे पडली त्या व्हिडिओखाली कुणीतरी "हवा गेली" असं लिहिलेलं, ते तिला तारखेसकट पाठ होतं. कौतुकाच्या शेकडो कमेंटमधली एकही तिला आठवत नव्हती. हे वडिलांसमोर बोलली ती, आणि त्या रात्री त्यांनी पेज प्रायव्हेट केलं, पुढे महिन्याभरात काढूनच टाकलं. ह्यात मला मंडळवाल्यांना, शाळांना आणि बातमी करणाऱ्यांनाही हात जोडून सांगायचंय, पोराने चांगलं केलं तर पेढे द्या, शूज द्या, ट्रॅकवर लाइट लावून द्या, पण दहा-अकरा वर्षांच्या लेकराच्या फोटोखाली "भावी ऑलिम्पियन" लिहू नका. तो बॅनर तुम्ही आठ दिवसांत उतरवता, आणि तिने तो दोन वर्षं डोक्यात वागवला.

आईबद्दल कमी लिहिलं मी, पण तिचं काम मोठं होतं. भात-वरण-तूप परत सुरू करणं, सासूला समजावणं, पाळीचं कॅलेंडर ठेवणं. तीन महिन्यांनी पाळी परत आली, हिमोग्लोबिन वर आलं. आईने शर्यतीनंतरचा पहिला प्रश्न बदलला, आधी सगळे विचारायचे "किती लागला टाइम", आता ती विचारते "काय खाणार".

सई आता नववीत आहे. शाळेच्या खो-खो टीममध्ये आहे आणि ८०० मीटर पळते, जिल्ह्यात मागच्या वेळी चौथी आली. वडील त्या दिवशी ड्युटी बदलून स्टेडियमवर गेले होते पण फिनिश लाइनला उभे राहिले नाहीत, वर स्टँडमध्ये बसले, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. अधूनमधून त्यांचा जुना सूर येतो, "अजून थोडं केलं असतं तर तिसरी आली असती", मग स्वतःच थांबतात. माणूस एकदम बदलत नाही आणि मला तशी अपेक्षाही नव्हती.

ह्या हिवाळ्यात तिची नडगी पुन्हा थोडी दुखली. त्याच संध्याकाळी तिने वहीत लिहिलं, लिहून थांबली नाही, जेवताना तोंडानेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस रद्द, वडिलांनी रजा टाकून डॉक्टरांकडे नेलं. ह्या वेळी हाडाला काही नव्हतं, स्नायूचंच होतं, चार दिवस आराम आणि शूज बदला असं सांगितलं. शूज बदलायला सई स्वतः गेली वडिलांबरोबर, आठ हजाराचे नको म्हणाली, अडीच हजाराचे घेतले, रोख.